आपण, आम्ही आणि पेंग्विन

सानू,

डब्यात ठेवलेली चिठ्ठी मिळाली. "इंग्लिशमध्ये 'वी' म्हणजे 'वी'. मराठीत दोन कशाला? आणि आजीसमोर का ओरडलास?" ओरडलो ते चुकलंच. आता उरलेल्याचं उत्तर.

इथून, ऑस्ट्रेलियातून, सांगलीला व्हिडिओ कॉल चालू होता आणि तू म्हणालीस, "आजी, आपण शनिवारी फिलिप आयलंडला पेंग्विन बघायला जाणार!" आजीचा चष्मा जवळजवळ कॅमेऱ्याला टेकला. "मी पण? अगं बाई!"

'आपण' म्हटलं की ऐकणारा गाडीत बसला. 'आम्ही' म्हटलं की तो फाटकाशी टाटा करत उभा. म्हणून तर "आपण जाऊया" म्हणतात, "आम्ही जाऊया" होत नाही. हे खूळ एकट्या मराठीचं नाही हं. गुजरातीत आपणे आणि अमे, तेलुगूत मनम आणि मेमु. तुझ्या वर्गातल्या तमिळ मैत्रिणीला विचार, तिच्या घरी नाम आणि नांगळ असतील. हिंदीचं मात्र एका 'हम'वर भागतं.

मला हे एवढं का झोंबतं? आत्याच्या लग्नानंतरची पहिली दिवाळी. माहेरी आली होती, करंज्या चालल्या होत्या. ती सहज बोलून गेली, "आमच्याकडे सारणात खसखस घालतात." आजीच्या हातातलं कातणं अर्ध्या करंजीवर थांबलं. "'आमच्याकडे' होय? बरं." एवढंच. पुढचं ताट भरेपर्यंत कुणी बोललं नाही. व्याकरण आत्याचं बरोबर होतं, तेच तर लागलं. आता ती बिचारी आजीशी बोलताना दोन्हीकडच्या घरांना 'आपल्याकडे' म्हणते आणि कुठलं घर ते आम्ही ओळखायचं!

बँकेतला माणूस "आपलं नाव काय?" विचारतो, तिथे 'आपण' म्हणजे तुम्ही. आणि मी "बसलो आपलं गप्प" म्हणतो, त्या 'आपलं'चा अर्थ मलाही धड सांगता यायचा नाही. ते राहू दे.

रविवारी आजीला फोन करशील तेव्हा "आम्ही पेंग्विन बघून आलो" असं सांग. मग लगेच विचार, "आपण कधी जायचं?" ती व्हिसाचं विचारायला लागली तर फोन माझ्याकडे दे.

तुझा,
बाबा