जुन्या महिंद्रा जीपचा पत्रा आणि ब्रेक पाइप दोन्ही गंजलेत. आधी काय करू? ब्रेकला तांब्याची नळी चालेल का?

आधी पत्र्याचं कापणं-वेल्डिंग उरका, मग ब्रेक लाइन टाका, बॉडीचा रंग शेवटी. आणि साधी तांब्याची नळी अजिबात घालू नका. मी साताऱ्यात जुन्या जीपांचंच काम करतो, त्यावरून सांगतो. वेल्डिंगच्या ठिणग्या नव्या पाइपवर पडायला नकोत, आणि डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक ऑइल सांडलं की ताजा रंग फुगून सुटतो. चॅसिसचा प्रायमर आणि रंग मात्र पाइप बसवण्याआधीच मारा, नंतर क्लिपांमागे ब्रश पोचत नाही.

फ्रिजवाल्याची तांब्याची नळी हाताने वाकते म्हणून मोह होतो. पण गाडीच्या थरथरीने तांबं कडक होत जातं आणि फ्लेअरपाशी, म्हणजे नळीच्या पसरवलेल्या टोकाशी, चिरतं. पसरणी घाट उतरताना पेडल तळाला गेलं तर काय, याचा विचार करा. स्टीलची ३/१६ इंची (४.७५ मिमी) ब्रेकची नळी घ्या, किंवा तांब्यात निकेल मिसळलेली क्युप्रोनिकेल, ती गंजत नाही, पाटण-कोयनेच्या पावसात फिरणाऱ्या गाडीला हीच बरी. टोकाला डबल फ्लेअरच हवा, म्हणजे कड आत दुमडून दुहेरी केलेला.

एक अट: रबरी होज जुने ठेवलेत तर नव्या पाइपचा उपयोग नाही. ते आतून फुगतात, मग पेडल सोडलं तरी ब्रेक चाक धरून राहतो. होज बदला, मग ब्रेक पेडलपासून सगळ्यात लांब असलेल्या चाकाकडून सुरुवात करून ब्रेक लाइनमधली हवा काढा.