हुमणी, मेटारायझियम आणि 'लायपेज'ची बाटली

प्रश्न : साहेब, उसाच्या खोडव्यात हुमणी, म्हणजे मुळं खाणारी भुंगेऱ्याची अळी, लागलीय. दुकानदार म्हणतो, कॉर्डिसेप्स या औषधी बुरशीच्या जनुकापासून बनवलेलं 'लायपेज' आलंय, ते चरबी पचवतं, हुमणी विरघळते. सोबत मेटारायझियम ही कीड मारणारी बुरशी दुप्पट आणि कार्बेन्डाझिम सोडा म्हणतो. घेऊ का?

उत्तर : घेऊ नका. लायपेज खोटं नाही, दुकानदाराचा दावा खोटा आहे. प्रयोगशाळेत बुरशीचं हे जनुक यीस्टमध्ये बसवतात, यीस्टकडून एन्झाइम करून घेतात आणि ते किती तापमानाला, किती सामूला (आम्लतेच्या पातळीला) चालतं हे तपासतात. ट्रायब्युटिरिन ही चरबी मिसळलेल्या दुधाळ आगरावर (जेलीसारख्या थरावर) एन्झाइमचा थेंब ठेवला की भोवती स्वच्छ कडं पडतं. पण हुमणी काचेच्या बशीत नसते, उसाच्या मुळाशी असते. तिथं नुसतं एन्झाइम ओतलंत तर मातीतले जिवाणूच ते फस्त करतील.

मेटारायझियम जिवंत आहे. त्याचा बीजाणू अळीच्या कातडीला चिकटतो, रुजतो, स्वतःचं लायपेज, प्रोटिएज, कायटिनेज ही कातडी विरघळवणारी एन्झाइम तिथल्या तिथं सोडतो आणि आत घुसतो. मेलेली अळी कडक होते, ओल असली तर तिच्यावर हिरवी भुकटी धरते. याला दिवस लागतात. तिसऱ्या दिवशी 'गुण नाही' म्हणत फोरेट हे विषारी कीटकनाशक शोधू नका. ते २०२० अखेर बंद झालंय, मागच्या दारानं मिळालं तरी नको.

कार्बेन्डाझिम बुरशीनाशक, मेटारायझियम बुरशी. एका टाकीत दोन्ही म्हणजे पैसे देऊन आपलंच औषध मारणं. पुन्हा सांगतो, एका टाकीत नाही. मागेपुढे पंधरा दिवस तरी जाऊ द्या. दुप्पट मात्राही नको, लेबलवरची पुरे. कोरड्या रानात दुप्पट काय, चौपट टाकलं तरी रुजणार नाही. पुड्यावर कीटकनाशक कायद्याखालचा नोंदणी क्रमांक आणि मुदत बघा. दुकानाच्या पत्र्याखाली तापलेला पुडा परत करा.

माझं ऐकाल तर चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळा, सावलीत ओलं पोतं झाकून काही दिवस मुरवा आणि जून-जुलैत, अळी लहान असताना, वाफसा बघून मुळाजवळ द्या. सप्टेंबरातल्या जाड अळीला काहीच लवकर लागत नाही. शेजारी तुती असेल तर बव्हेरिया या दुसऱ्या कीडनाशक बुरशीला हात लावू नका, रेशीमकिडे जातील.

अनुदानाचं सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) विचारा, अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर.

आणि पुढच्या वर्षी वळवाचा पहिला पाऊस पडला की संध्याकाळी कडुनिंब-बाभळी हलवून भुंगेरे रॉकेलच्या पाण्यात टाका. एकट्यानं नाही, अख्ख्या शिवारानं.