अंगणातली बिट्टी

प्रश्न : आमच्या अंगणात न्हाणीच्या पाण्यावर सासऱ्यांनी लावलेलं झाड आहे. पानं भाल्यासारखी टोकदार, फुलं पिवळी, भोंग्यासारखी. नवतपात, मे अखेरच्या कडक उन्हात, सगळं करपतं, हे मात्र हिरवंगार. बकऱ्या तोंड लावत नाहीत. सासूबाई रोज याचं फूल महादेवाला वाहतात. पण आता लेकरू अडीच वर्षांचं झालंय, खाली पडलेली फळं वेचतं. जाऊबाई म्हणतात, विषारी आहे, तोडून टाका. पान आणि फळ पाठवते आहे.
– एक वाचक, ता. आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, जाऊबाईंचं ऐका. पान पाकिटातच वाळलं, पण फळ फोडून आतला कठीण बाठा पाहिला आणि शंका उरली नाही. ही बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर. झाड मूळचं मेक्सिको, मध्य अमेरिकेकडचं, पण आपल्या उन्हात असं रुजलंय की कोणी परकं म्हणणार नाही. पान अरुंद आणि चकचकीत, त्यामुळे पाणी कमी उडतं. बकरी शहाणी, म्हणून खात नाही. पान तोडलं की पांढरा चीक येतो, तोही विषारी. सगळ्यात वाईट बी. तिच्यातलं थेवेटिन नावाचं विष थेट हृदयावर जातं. उलट्या होतात, नाडी मंदावते, ठोका चुकतो.

लहानपणी आम्ही खिसाभर बिट्ट्या घेऊन खेळायचो. आमच्यातल्या एकाने बाठा फोडून बी चावली. बैलगाडीतून दवाखान्यात नेला, चार दिवसांनी परत आला, तोवर त्याच्या आईने भाकर खाल्ली नव्हती. कधी असं झालंच तर मीठपाणी पाजून ओकारी काढत बसू नका. फळ सोबत घ्या आणि सरळ जिल्हा रुग्णालय गाठा. लेकरू हसत असलं तरी न्या, हृदयाची पट्टी (ईसीजी) काढून पाहावी लागते.

झाड तोडताना हातमोजे घाला, डोळे जपा. फांद्या चुलीत घालू नका. गोठ्याजवळही टाकू नका, वाळलेल्या पानातलं विष जात नाही. दूर खड्डा करून पुरा, विहिरीपासून लांब. नुसतं वरून छाटलं तर बुंधा पुन्हा फुटतो, म्हणून मूळ खणून काढा. शेताच्या धुऱ्यावर लावू का, असं विचाराल. तिथे गुरं चरतात, नको.

त्याच जागी टिकोमा लावा. फूल तसंच पिवळं, भोंग्यासारखं. पानंही टोकदार, पण कडेला करवतीसारखे दाते, आणि तोडलं तर चीक नाही. या झाडाला बाठ्याची फळं येत नाहीत, लांब शेंगा येतात. त्या वाळायच्या आत काढत जा, नाहीतर कागदासारखं बी वाऱ्यावर उडून शेजारच्या वाडीत रोपं उगवतात, मग भांडण. छाटलं की नव्या फुटीवर भरभरून फुलतं. पहिलं वर्ष बाभळीच्या काट्यांचं कुंपण करा.

सासूबाईंना हळू सांगा. महादेव विषाला घाबरणारा नाही, त्याला धोतराही चालतो. प्रश्न लेकराचा आहे.

आणि पाऊस पडला की जुन्या जागेवर दोन-तीनदा नजर टाका. मातीत राहिलेल्या बिया तिथे उगवतील. रोपं बोटभर असतानाच उपटा.