घुंगरू बांधण्याआधी हातावर ताल

सांगली

प्रिय मुली,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. विशारद पूर्ण झाल्यावर विश्रामबागेत स्वतःचा कथकचा क्लास काढावा, की बी.कॉम. संपवून पुण्याला विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात एम.ए.साठी जावे, असे तू विचारले आहेस. पत्रात कार्यक्रमांविषयी दोन पाने आहेत आणि शिकवण्याविषयी एकच ओळ, तीही ‘निदान क्लास तरी चालवता येईल’ अशी. त्या ‘निदान’पाशी मी अडखळले.

माझ्या विशीत एका कार्यक्रमाला साथीसाठी ऐन वेळी नवे तबलजी आले. तोडे, म्हणजे बोलांवर बांधलेले नाचाचे तुकडे, माझ्या पायांत पक्के होते, तोंडात मात्र नव्हते. त्यामुळे तिहाई, म्हणजे तीनदा येऊन समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, संपणारा तुकडा, कोणत्या मात्रेवरून उठणार हे मला त्यांना सांगता आले नाही आणि रंगमंचावर त्यांची सम एकीकडे, माझी दुसरीकडे गेली. दोष सर्वस्वी माझा होता. पुढे काही वर्षांनी वर्गातल्या एका लहान मुलीने, ‘ताई, इथूनच का सुरू करायचं?’ असे विचारले, तेव्हाही मी गप्पच झाले. कार्यक्रमात आणि वर्गात मी एकाच ठिकाणी उघडी पडले होते, ते म्हणजे पढंत, नाचाचे बोल ताल धरून तोंडाने म्हणणे.

तुझे पढंत स्वच्छ आहे, पण ते मोबाईलवरच्या लेहऱ्याला, ताल दाखवत फिरत राहणाऱ्या धुनेला, सरावलेले आहे. पाच मात्रांचा बोल, ज्याची पाचवी मात्रा ‘धा’ आहे, तो मध्ये दम न घेता तीनदा म्हण. सोळा मात्रांच्या त्रितालात तो तिसऱ्या मात्रेवरून उचललास तरच शेवटचा धा समेवर पडेल. तोच बोल दहा मात्रांच्या झपतालात सातव्या मात्रेवरून उचलावा लागतो. हे पाठ करू नकोस; हातावर टाळी-खाली धरून स्वतः शोध, आणि मग दहा वर्षांच्या मुलीला समजावून सांगून पाहा. तिला कळले नाही, तर तुला अजून कळलेले नाही असे खुशाल समज.

जिवंत साथ मिळवायला तुला लांब जावे लागणार नाही. मिरज जवळच आहे, तिथे तबला शिकणारी तुझ्याच वयाची मुले आहेत. आठवड्यातून एकदा त्यांच्यासोबत बस. त्यांनाही नाचाची साथ शिकायची असते. किराणा घराण्याचे गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ तिथल्या दर्ग्यात होणाऱ्या संगीतसभेला रात्रभर बसून गाणे ऐक. अभिनयाला लागणारा ठहराव मला तिथेच थोडाफार उमगला.

क्लासचे म्हणशील, तर वर्षभर कुणाच्या तरी हाताखाली लहान मुलींचा वर्ग सांभाळ. सहा-सात वर्षांच्या मुलींना लगेच घुंगरू देऊ नयेत. तत्कारात, म्हणजे पायांनी ताल वाजवताना, तळवा पूर्ण पडतो की नाही, हे घुंगरांच्या आवाजात लपून जाते. फरशीखाली काँक्रीट असेल तर उड्या आणि जोरकस तत्कार मोजकेच ठेव, कारण नडगीचे दुखणे हळूहळू येते आणि सावकाश जाते. स्नेहसंमेलनासाठी शाळा चित्रपटगीतांवर नाच बसवून मागतील. ते काम हलके मानू नकोस, फक्त त्याला कथक म्हणू नकोस.

पुण्याला जरूर जा, पण क्लासला कंटाळून नव्हे. त्याआधी केंद्र सरकारच्या सांस्कृतिक मंत्रालयाच्या तरुण कलाकारांसाठीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भर. ती १८ ते २५ वयोगटासाठी आहे आणि दोन वर्षे दरमहा ५००० रुपये मिळतात. गुरूंकडे झालेल्या शिक्षणाचे दाखले आतापासूनच नीट जपून ठेव.

येत्या रविवारी सकाळी ये. घुंगरू आणू नकोस, वही आण. झपतालातली ती तिहाई तू म्हण, मी ताल धरीन.

तुझी,
ताई