वाचकांचे प्रश्न : लॅब्रॅडॉरची न संपणारी भूक

प्रश्न : आमच्याकडे चार वर्षांचा लॅब्रॅडॉर आहे. त्याचे वजन ४२ किलो झाले असून ते आठ किलोंनी तरी उतरवावे, असे पशुवैद्यांनी सांगितले आहे. परंतु जेवण होऊन दहा मिनिटे होत नाहीत तोच तो पुन्हा भांड्यापाशी येऊन उभा राहतो आणि घरातील कोणाला ना कोणाला त्याची दया येते. तो खरोखरच उपाशी असतो का? शिवाय त्याचे केस वर्षभर गळतात; उन्हाळ्यात ते पूर्ण कापून टाकावेत का?

उत्तर : त्याला भूक खरोखरच लागत असावी, मात्र भूक लागली म्हणजे शरीराला अन्न हवेच आहे, असे या जातीच्या बाबतीत धरून चालता येत नाही. पोट भरल्याची जाणीव मेंदूला करून देणाऱ्या यंत्रणेत ‘पीओएमसी’ नावाचे एक जनुक काम करते. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले की, सुमारे एक-चतुर्थांश लॅब्रॅडॉरमध्ये या जनुकाचा एक लहानसा तुकडा गळालेला असतो आणि अशा कुत्र्यांचा अन्नाकडे ओढा अधिक असून त्यांचे वजनही अधिक भरते. मदतनीस म्हणून तयार केल्या जाणाऱ्या लॅब्रॅडॉरमध्ये हा बदल आणखी मोठ्या प्रमाणात आढळला, याचे मला नवल वाटत नाही, कारण खाऊच्या एका दाण्यासाठी मन लावून शिकणारा कुत्राच शिकवायला सोपा जातो. तेव्हा आपला कुत्रा हावरट आहे असे समजून त्याच्यावर रागावू नका आणि त्याच्या डोळ्यांकडे पाहून भांडेही भरू नका.

वाढलेल्या वजनाची किंमत त्याचे सांधे मोजतात. खुब्याच्या आणि कोपराच्या सांध्यांची सदोष वाढ हा या जातीचा जुना विकार आहे व प्रत्येक जादा किलोचा भार तेथेच पडतो. ४८ लॅब्रॅडॉरवर त्यांच्या जन्मभर चाललेल्या एका अभ्यासात प्रत्येक जोडीतील एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न देण्यात आले. कमी खाणाऱ्या गटाचे मध्यक आयुर्मान १३ वर्षे, तर दुसऱ्या गटाचे ११.२ वर्षे भरले. सांध्यांचा त्रासही पहिल्या गटात बराच उशिरा सुरू झाला. जवळजवळ दोन वर्षांचा सहवास केवळ मोजून वाढल्याने मिळत असेल, तर मोजून वाढणे हीच त्याच्यावरची खरी माया आहे, असे मी मानतो.

खाद्य वाटीच्या अंदाजाने न घालता वजनकाट्यावर तोलावे, दिवसभराचा वाटा सकाळीच वेगळा काढून ठेवावा आणि घरातील प्रत्येकाने जे काही द्यायचे ते त्यातूनच द्यावे. दर आठवड्याला एक ते दोन टक्के वजन उतरले तरी पुरेसे आहे. निर्बीजीकरण झालेले असल्यास त्याची अन्नाची गरज आधीच घटलेली असते. थायरॉइडची तपासणी करावी का, हे पशुवैद्यांना एकदा विचारावे. बरगड्या दिसू नयेत, परंतु हलका हात फिरवताच बोटांना लागाव्यात, ही घरच्या घरी करता येण्यासारखी परीक्षा आहे.

व्यायाम म्हणून नुसते फिरवून आणणे त्याला पुरत नाही. न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांसोबत पाण्यात काम करणाऱ्या कुत्र्यांपासून ब्रिटनमध्ये ही जात घडवली गेली आणि तेथे शिकार केलेला पक्षी दात न लावता आणून देणे हे तिचे काम झाले. तोंडात वस्तू धरून ती आपल्यापाशी आणण्यात त्याला जो आनंद मिळतो, त्यालाच खेळाचे रूप द्यावे. पोहण्याची सोय असेल तर तेही उत्तम, कारण पाण्यात सांध्यांवर भार येत नाही. पोहल्यानंतर कान आतून कोरडे करायला मात्र विसरू नये.

केस मुळीच कापू नयेत. वरचा राठ थर आणि आतली दाट लव मिळून त्याचे थंडी, पाणी व ऊन यांपासून रक्षण करतात. एरवी आठवड्यातून दोनदा आणि केस झडण्याच्या दिवसांत रोज ब्रश फिरवला, तर गळती आटोक्यात राहते. उन्हाळ्यात फिरण्याची वेळ पहाटेची ठेवावी. लठ्ठ कुत्र्याला उष्माघात लवकर होतो.

प्रश्न : गोल्डन रिट्रीव्हरचे पिल्लू घेताना काय पाहावे?

उत्तर : पिल्लाआधी त्याची आई पाहावी आणि तिचा स्वभाव पारखावा. आईवडिलांच्या खुब्याचे व कोपराचे एक्स-रे आणि डोळ्यांच्या तपासणीचे अहवाल मागावेत. ते दाखवायला टाळाटाळ होत असेल तर तेथून पिल्लू घेऊ नये. आठ आठवड्यांपूर्वी त्याला आईपासून तोडू नये. याचे केस लॅब्रॅडॉरपेक्षा लांब असल्याने कानांमागे आणि मांड्यांवर गुंता लवकर होतो, म्हणून कंगव्याची सवय लहानपणीच लावावी. ही जात माणसांत रमणारी आहे. दिवसभर घर बंद राहणार असेल, तर सध्या पिल्लू आणू नये, असेच मी सुचवेन.