‘बघूया की’ म्हणणारा मुलगा

प्रश्न : ताई, मी बेळगावातल्या टिळकवाडीची, नोकरीला बेंगळुरूत. माझा मित्र बैलहोंगलचा, कानडी घरातला. कॉलेजपासूनची ओळख. परवा आम्ही एक रोमँटिक कॉमेडी पाहिली. मोठ्या शहरातली तीन-चार जोडपी, प्रेम भरपूर, पण लग्नाचं नाव काढलं की पळापळ. बाहेर पडल्यावर हा म्हणतो, “सगळ्यांचं असंच असतंय. बघूया की, घाई काय?” इकडे आई स्थळं बघतेय. थांबू की सोडून देऊ?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : अगं, सिनेमा हसून सोडून द्यायचा, तुझ्या मित्राने त्याला वकीलपत्र दिलं!

पूर्वी सिनेमात नायक-नायिकेच्या मध्ये बाप उभा असायचा, नाहीतर जात, नाहीतर इस्टेट. आता दोघं भाड्याच्या फ्लॅटमध्ये, दोघांना पगार, विचारणारं कुणी नाही. मग गोष्ट लांबवायची कशी? लेखक अडथळा नायकाच्या डोक्यातच नेऊन बसवतो. “मला माझंच कळत नाही,” असं तो मध्यंतरापर्यंत म्हणतो आणि शेवटी विमानतळावर धावत सुटला की त्याला सगळं एकदम कळतं. मला आवडतात हो हे सिनेमे. पण घरी फोन करून सांगण्याचा प्रसंग त्यात बहुतेक नसतोच.

तुझ्या मित्राचा अडथळा डोक्यात नाही, बैलहोंगलात आहे, असा माझा संशय. माझं उभं आयुष्य बेळगावच्या शहापुरात गेलं. मराठी-कानडी लग्नं आमच्या गल्लीतही झाली. त्या पोरांचा गोंधळ कधीच नव्हता, भीती मात्र पोटभर होती. एका लग्नात पुरणपोळी करायची की होळगी (म्हणजे कानडी पुरणपोळीच), यावरून दोन्ही विहिणी तावातावाने भांडल्या. पंगत उठली तेव्हा ताटात दोन्हींपैकी काही उरलं नव्हतं.

कायद्याचं म्हणशील तर दोघं हिंदू असाल तर १९५५चा हिंदू विवाह कायदा जात-भाषा विचारत नाही. धर्म वेगळे असतील तर १९५४चा विशेष विवाह कायदा आहे, त्यात तीस दिवसांची नोटीस लागते. एवढंच.

म्हणून “प्रेम आहे ना?” असं विचारू नकोस, ‘हो’ म्हणायला त्याला काही लागत नाही. घरी कुणाला सांगितलंस, ते विचार. आईला नाही तर निदान अक्काला? सणाला गावी येईलच, तेव्हा तासभर टिळकवाडीत चहाला ये म्हणावं. कुंदा, आपली बेळगावची दुधाची मिठाई, आणला नाही तरी चालेल, तो आमच्याकडे आहे.

आणि तू गं? आई स्थळं बघतेय म्हणजे तूही तिला काही बोललेली नाहीस. आधी तू सांग. मग त्याला दिवाळीपर्यंत वेळ दे. त्यानंतरही ‘बघूया की’च चाललं, तर आईने आणलेलं स्थळ बघायला हरकत नाही. बघायला म्हणतेय, होकार द्यायला नव्हे.