डिप्लोमा सोडून ट्यूब क्लिनिंगचं मशीन विकू का? इचलकरंजीहून आलेल्या पत्राला उत्तर

आधी पत्र काय आहे ते थोडक्यात सांगतो. हा मुलगा इचलकरंजीचा, मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला, वडील एका सायझिंगमध्ये (सुताला खळ लावायच्या कारखान्यात) बॉयलरवर फायरमन, म्हणजे भट्टीत जळण घालणारे. बॉयलरच्या ट्यूबा काजळीने भरल्या की लांब सळईला ब्रश लावून एकेक ट्यूब हाताने घासायची, त्यात वडिलांची सुट्टीची अख्खी दिवसपाळी जायची. पोराने काय केलं, भंगारातून काँक्रीट व्हायब्रेटरची फ्लेक्झिबल शाफ्ट आणली, तिला ड्रिलची मोटर जोडली, पुढे गोल वायर ब्रश, मागच्या बाजूला घरचा व्हॅक्यूम क्लीनर, आणि आता तेच काम अर्ध्या दिवसात होतं. आजूबाजूच्या दोन-तीन सायझिंगवाल्यांनी "आमच्याकडे पण ये" म्हटलंय. त्याचं विचारणं असं की डिप्लोमा सोडून हेच करू का, पेटंट घ्यावं का, आणि पप्पा म्हणतात "मी आयुष्यभर काजळी खाल्ली, तू एसीत बसायचं काहीतरी बघ", त्यांना काय सांगू.

मित्रा, मला येणारी बहुतेक पत्रं "एआय करू की डेटा सायन्स" अशी असतात, त्यामुळे तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि फोटो झूम करून बघितले. मशीन चांगलं आहे. पण पत्रात एक वाक्य आहे, "माझं टूल काजळी आणि स्केल दोन्ही काढतं", तिथे मी थांबलो, कारण ते तसं होऊ शकत नाही, आणि उद्या एखाद्या मालकासमोर हे बोललास आणि त्याच्याकडे जुना जाणकार अटेंडंट (बॉयलर चालवणारा माणूस) असला तर तो तिथेच तुला घरी पाठवेल.

बघ, तुझ्या पप्पांचा बॉयलर फायर ट्यूब आहे. म्हणजे ट्यूबच्या आतून धूर जातो आणि बाहेरून पाणी. काजळी बसते आत, धुराच्या बाजूला. स्केल बसतं बाहेरून, पाण्याच्या बाजूला, शेलच्या आत, जिथे तुझा ब्रश पोचतच नाही. बोअरच्या जड पाण्याने गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो ना, तीच ही भानगड, कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार. मग तू ट्यूबच्या आतून खरवडून काढलंस ते कडक काय होतं? ओलं लाकूड जाळलं की धुरातला डांबरासारखा चिकट भाग ट्यूबला धरतो, त्यात राख मिसळते आणि भाजून कडक होते, दिसायला स्केलसारखंच दिसतं. त्यावर खरा उपाय ब्रश नाही, कोरडं जळण आणि पुरेशी हवा हा आहे. आणि पाण्याच्या बाजूचं स्केल मुळात बसूच द्यायचं नसतं, त्यासाठी सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र) चालू पाहिजे, त्याचं रेझिन (जडपणा धरून ठेवणारे बारीक मणी) वेळेवर मिठाच्या पाण्याने रिजनरेट झालं पाहिजे, ब्लोडाऊन (बॉयलरमधलं क्षार साठलेलं थोडं पाणी बाहेर सोडणं) टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, बघून मारला पाहिजे. बसलंच तर इनहिबिटर (लोखंड खाल्लं जाऊ नये म्हणून घालायचं रसायन) घातलेल्या अ‍ॅसिडने डीस्केलिंग करतात, ते जाणकार माणसाचं काम आहे, तू हात घालू नकोस.

आता साखर कारखान्यात बरोबर उलटं. तिथले बगॅसवरचे (उसाच्या चोथ्यावर चालणारे) मोठे बॉयलर वॉटर ट्यूब, पाणी ट्यूबच्या आत आणि धूर बाहेर. काजळी-राख बाहेरून बसते, ती चालू बॉयलरमध्येच सूट ब्लोअरने वाफ मारून उडवतात. स्केल आत, ते काढायला हवेवर किंवा पाण्यावर फिरणाऱ्या टर्बाइनला कटर हेड लावून ट्यूबमधून घालतात, ट्यूबा वाकड्या असतात म्हणून फ्लेक्झिबल शाफ्ट लागते. हे काम गळीत हंगाम संपल्यावर, ऑफ सीझनला, अग्निप्रदीपनाच्या, म्हणजे नव्या हंगामासाठी बॉयलर पेटवायच्या, आधी. म्हणजे तुझ्या डोक्यात एक टूल आणि एक मार्केट आहे, प्रत्यक्षात दोन वेगळी टूल आहेत आणि दोन वेगळी गिऱ्हाइकं. तू सध्या सायझिंग आणि प्रोसेसवाल्यांच्या काजळीपुरतं बोल, तेवढंही भरपूर आहे.

आता मुख्य गोष्ट. फ्लेक्झिबल शाफ्टवर फिरणारा ब्रश आणि मागे व्हॅक्यूम, ही मशीन बाजारात आधीपासून मिळतात, आणि तुझं मशीन बघून कोल्हापूरच्या उद्यमनगरातला कुठलाही लेथवाला आठ दिवसात तसंच करून देईल. म्हणून मशीन विकायच्या भानगडीत पडू नकोस. मालकाला ब्रशशी देणंघेणं नसतं, त्याला जळणाच्या बिलाशी असतं. तू विकायचं ते साफ झालेल्या बॉयलरचं वाचलेलं जळण, आणि ते आकड्यात दाखवता आलं पाहिजे, नुसतं "चकाचक केलं साहेब" म्हणून नाही.

ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीच्या पुस्तकात ढोबळ आकडे दिलेले आहेत ते पाठ कर. धुराचं तापमान साधारण २२ अंशांनी वाढलं की बॉयलरची एफिशियन्सी १ टक्का पडते. ३ मिलिमीटर काजळी बसली तर जळण अडीच टक्क्यांच्या आसपास जास्त लागतं. आणि पाण्याच्या बाजूला नुसतं १ मिलिमीटर स्केल असेल तर ५ ते ८ टक्के. (बघितलंस का, स्केल किती महाग पडतं, म्हणून वर एवढं बोललो.) आता हिशोब मांड. समज एक सायझिंग दिवसाला ४ टन लाकूड जाळतं आणि लाकूड ६ रुपये किलो पडतं, म्हणजे दिवसाचे २४,००० रुपये. अडीच टक्के म्हणजे रोजचे ६००, महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर १५,०००. हा कागद मालकापुढे ठेवलास तर तो तुला चहा पाजेल, मशीन दाखवलंस तर "कितीला पडलं रे हे" एवढंच विचारेल.

त्यासाठी आत्तापासून एक वही कर. चिमणीच्या आधी धुराचं तापमान दाखवणारा थर्मामीटर आहे का बघ, नसेल किंवा बंद पडला असेल (बऱ्याच ठिकाणी काटा एकाच जागी चिकटलेला असतो) तर मालकाला सांगून बसवून घे. साफ करायच्या आधी रीडिंग, साफ केल्यावर रीडिंग, मग रोज एक, पण स्टीम प्रेशर आणि लोड साधारण सारखा असतानाच घ्यायचं, नाहीतर तुलनेला अर्थ नाही. समज साफ केल्यावर २१० अंश होतं आणि काही आठवड्यांनी २५४ झालं, म्हणजे ४४ अंश, २ टक्के गेले, आता पुन्हा ट्यूबा मारायची वेळ झाली. मग "दर रविवारी" किंवा "पप्पांना वाटेल तेव्हा" असं न करता आकड्यावरून साफसफाई ठरते. ही वही तुझा बायोडेटा आहे, कुठल्याही इंटरव्ह्यूला घेऊन जा. डिप्लोमाच्या फायनल प्रोजेक्टला तर हाच विषय घे, बाजारातून तयार प्रोजेक्ट विकत आणणाऱ्या पोरांच्या रांगेत तू वेगळा दिसशील.

मशीनबद्दल दोन-तीन गोष्टी, कारण फोटो बघून राहवत नाही. व्हायब्रेटरच्या शाफ्टला जास्त स्पीड दिलास तर ब्रशच्या तारा तुटून ट्यूबमध्ये पडतील, स्पीड कमी कर. ब्रश ट्यूबच्या आतल्या मापापेक्षा किंचित मोठा घे, आणि अर्ध्यात अडकला म्हणून उलटा ओढू नकोस, पार पलीकडे काढायचा. घरचा व्हॅक्यूम क्लीनर ताबडतोब घरी नेऊन ठेव. काजळी इतकी बारीक असते की फिल्टरमधून मोटरमध्ये जाते, त्यात ती वीजवाहक, आणि लाकडाच्या बॉयलरमध्ये राखेखाली एखादा निखारा जिवंत असला तर पिशवी पेटेल. मध्ये एक पत्र्याचा झाकणाचा ड्रम घाल, जड माल तिथेच पडू दे, आणि इंडस्ट्रियल व्हॅक्यूम भाड्याने मिळतो का बघ.

डिप्लोमा सोडायचा का? नाही. अजिबात नाही, एक वर्ष राहिलंय आणि बॉयलरच्या धंद्यात कागदाला फार किंमत आहे, कारण हा धंदा कायद्याने बांधलेला आहे. १९२३ चा जुना बॉयलर कायदा जाऊन आता २०२५ चा आलाय, पण मूळ गोष्ट तीच, बॉयलर सर्टिफिकेटशिवाय चालवता येत नाही, ठराविक मुदतीने तपासणी होते आणि त्याआधी बॉयलर थंड करून, उघडून, साफ करून तयार ठेवावा लागतो. तुझा धंदा तिथेच आहे बघ, तपासणीच्या आधीची साफसफाई. फक्त एक लक्ष्मणरेषा पाळ, साफ करताना ट्यूब पातळ झालेली किंवा गळकी दिसली तर फोटो काढ, मालकाला सांग, पण "वेल्डिंग मारून देतो" म्हणू नकोस. प्रेशर पार्टचं (वाफेचा दाब सहन करणाऱ्या भागाचं) रिपेअर बाष्पके संचालनालयाच्या परवानगीशिवाय करता येत नाही.

डिप्लोमा झाला की माझा सल्ला, एक वर्ष अप्रेंटिसशिप, आणि तीही बॉयलर बनवणाऱ्या किंवा सर्व्हिस करणाऱ्या कंपनीत. पुण्यात थरमॅक्स आहे, फोर्ब्स मार्शल आहे, डिप्लोमावाल्यांची एक वर्षाची अप्रेंटिसशिप नॅट्सच्या (केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप योजनेच्या) पोर्टलवरून होते, तिथे नाव नोंदव. स्टायपेंड बघून नाक मुरडू नकोस, सर्व्हिस इंजिनिअरच्या मागे बॅग घेऊन फिरलास तर पन्नास प्रकारचे बॉयलर उघडलेले बघायला मिळतील, ते कुठल्याही कॉलेजात मिळत नाही. पुढे अनुभव जमला की बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरची परीक्षा, मोठे बॉयलर असलेल्या कारखान्यांना हा माणूस ठेवावाच लागतो, त्यामुळे या सर्टिफिकेटवाल्याला मागणी असते. डायरेक्ट सेकंड इयरने डिग्री करायची असेल तर तीही कर, माझा विरोध नाही, पण फक्त "सगळे करतात म्हणून" करू नकोस. साखरेकडे ओढा असेल तर पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, त्यांचे शुगर इंजिनिअरिंगचे कोर्स बघून ठेव. आणि आकड्यांची गोडी लागलीच तर पुढे एनर्जी ऑडिटरची परीक्षा आहे, तिला डिप्लोमावाल्याला डिग्रीवाल्यापेक्षा जास्त वर्षांचा अनुभव लागतो, म्हणजे ती घाईची गोष्ट नाही. धंदा यात कुठे बसतो? सुट्टीच्या दिवशी, त्या दोन-तीन सायझिंगमध्ये, आजपासून.

आता पप्पांबद्दल, आणि हे त्यांनाही वाचून दाखव. काका, तुमची भीती खोटी नाही. काजळी अंगाला वाईट हे आज नाही, १७७५ सालीच लंडनच्या पर्सिव्हल पॉट नावाच्या सर्जनने दाखवून दिलं होतं, धुराडी साफ करणाऱ्या पोरांना पुढे होणारा कॅन्सर त्याने काजळीशी जोडला. त्यामुळे मुलाने फावड्याने लाकूड घालत आयुष्य काढू नये हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. पण तो ते करायचं म्हणतच नाहीये. बॉयलर हाऊसमध्ये काम करणं आणि बॉयलरच्या धंद्यात असणं यात फरक आहे, आणि त्याला लहानपणापासून बॉयलर बघून जे कळतंय ते एसीत बसलेल्या पुष्कळ इंजिनिअरना कळत नाही. आणि एक विचारतो, तुमच्याकडे बॉयलर चालवायला लागणारं सेकंड क्लास अटेंडंटचं सर्टिफिकेट आहे का? नसेल तर फायरमन म्हणून केलेली नोकरी तिथे अनुभव म्हणून धरली जाते, मालकाकडून सर्व्हिसचा दाखला घ्या आणि परीक्षेला बसा, तोंडी परीक्षेत जे विचारतात, पाणी गेज ग्लासमध्ये (बॉयलरमधली पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेत) दिसेनासं झालं तर काय करणार, सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला नाही तर काय करणार, ते तुम्ही रोज जगताय. पोरगा तयारी करून घेईल. पगारात फरक पडेल.

आणि दोघांनाही, फोटोत काका रुमाल बांधून उभे आहेत, रुमालाने काजळी थांबत नाही. पहिल्या कमाईतून चांगले फिल्टरवाले मास्क आणि गॉगल घ्या. बॉयलर पुरता थंड झाल्याशिवाय आत डोकं घालायचं नाही, हे १९४८ च्या फॅक्टरी कायद्यातच लिहिलेलं होतं, आणि आत न्यायचा दिवा २४ व्होल्टचाच पाहिजे, घरच्या वायरला बल्ब लावून नाही. दार उघडून हवा खेळू द्यायची, आयडी फॅनचा (धूर ओढून चिमणीत सोडणाऱ्या पंख्याचा) फ्यूज काढून खिशात ठेवायचा, आणि बाहेर एक माणूस कायम उभा पाहिजे. मालक म्हणाला "लवकर करा, उद्या सकाळी वाफ पाहिजे", तरी हे बदलत नाही.

राहिलं पेटंट. अख्ख्या मशीनवर मिळेल असं मला वाटत नाही, वर सांगितलं तसं मूळ कल्पना जुनी आहे. पण ब्रशचं डोकं ट्यूबच्या मापाप्रमाणे आपोआप उघडतं असं तू स्केचमध्ये दाखवलंयस, त्यात नवीन काही असू शकेल. आधी पेटंट ऑफिसच्या साइटवर आणि गूगल पेटंट्सवर दोन रात्री बसून शोध. नवीन वाटलं तर प्रोव्हिजनल (तात्पुरता, पहिला) अर्ज भर, वैयक्तिक अर्जाला ऑनलाइन १,६०० रुपये फी आहे, त्यानंतर पूर्ण अर्जासाठी १२ महिने मिळतात. तेवढ्यात ते डोकं दहा बॉयलरमध्ये चालवून बघ, टिकलं तर पुढचा खर्च, नाही टिकलं तर सोडून दे. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये दाखवायच्या आधी अर्ज भर, आणि तो इन्स्टाग्रामवरचा व्हिडिओ, ज्याची लिंक तू मला मोठ्या हौसेने पाठवलीयस, त्यात ते डोकं उघडताना स्पष्ट दिसतं. एकदा जगजाहीर झालं की नवेपणाचा दावा अडचणीत येतो, म्हणून आज रात्रीच तो काढ, आणि सोमवारी कॉलेजच्या सरांना विचार की पेटंटचं काम कोण बघतं.